बालगृहातल्या मुली, शालेय खो-खो आणि पालकाच्या सहीचा रकाना (माझा अनुभव)

ज्या गोष्टीवरून अजून डोकं तापतं तीच आधी लिहिते. शालेय स्पर्धेच्या फॉर्मवर खाली एक रकाना होता, "पालकाची सही". मराठवाड्यातल्या एका मुलींच्या बालगृहात मी दर रविवारी खो-खो शिकवते (गाव आणि संस्था मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली येईल). पोरी जवळच्याच शाळेत जातात, शाळेची निम्मी टीम आमचीच, आणि सगळं येऊन अडकलं ते या एका रकान्यापाशी.

तिथवर पोचायला काही त्रास झाला नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, महिला व बाल विकास कार्यालयाला अर्ज, बालगृह चालवणाऱ्या अधीक्षिका मॅडमची भेट, झालं. २७ बाय १६ मीटरचं मैदान मागच्या अंगणात बसत नव्हतं, मग छोटंच आखलं, काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुततो म्हणून वर मुरूम टाकून घेतला, फक्की मारली की खेळ सुरू. खो-खोच का, तर दोन खांब सोडले तर काही विकत घ्यावं लागत नाही, आणि आपल्याकडं या खेळात मोठ्या झालेल्या पोरी आहेत. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप जिंकलेल्या मुलींच्या टीमची कॅप्टन प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. आमच्या पोरींना ही दोन्ही नावं पाठ आहेत.

नवीन कुणी शिकवायला जाणार असेल तर एक सांगते. खो देताना मागून पाठीला हात लावावा लागतो. आमच्यातली एक पोरगी चौकोनात बसायची आणि पाठीवर हात पडला की अंग चोरून उठायची, खेळ सोडून थेट भिंतीकडं जायची. का, ते मी विचारलं नाही, विचारायचंही नसतं, ते काम समुपदेशकाचं. तिला आधी नुसतं धावक ठेवलं, बसायचंच नाही. मग बसली तेव्हा बाकीच्यांना सांगितलं की हिला फक्त आवाजानं खो द्यायचा, नियम गेला खड्ड्यात. असं बरेच रविवार चाललं आणि मग एका डावात तीच मागं वळून ओरडली, "हात लाव की गं, फाऊल धरतील!" आता ती आमची सगळ्यात चपळ उठणारी आहे.

तर सही. फॉर्म घेऊन क्रीडा कार्यालयात गेले तर टेबलावरचा माणूस वर न बघताच, "आई-बापाचीच सही लागती मॅडम, संस्थेची चालत नाही." एका पोरीची आई दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेली, मुकादमाचा नंबर होता तो लागंना. दुसरीला कुणीच नाही. तिनं काय करायचं म्हणलं तर "ते तुम्ही बघा". शाळेत गेले, हेडसर म्हणाले कार्यालयानं लिहून द्यावं. कार्यालय म्हणे बालकल्याण समितीकडं जा (बालगृहातल्या मुलांबद्दलचे निर्णय हीच समिती घेते). समितीकडं गेले तर आज बैठक नाही, आणि अर्ज संस्थेमार्फत द्या. संस्था म्हणे आधी शाळेचं पत्र आणा. शाळा म्हणे पत्र कशाच्या आधारावर देऊ. परत टेबलावर आले तर "साहेब व्हीसीत (व्हिडिओ मीटिंगमध्ये) बसलेत, उद्या या". फॉर्मची शेवटची तारीख जवळ येत होती आणि पोरी रोज संध्याकाळी विचारायच्या, ताई झालं का? लई राग यायचा. कायद्यानं समितीनं महिन्यात किमान २० दिवस बसायचं आहे, हे मला तोवर तोंडपाठ झालं होतं.

सुटलं ते कायद्याच्या पुस्तकानंच. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम २ च्या व्याख्यांमध्ये पालक म्हणजे फक्त जन्मदाते असं नाही, मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे आणि समितीनं ज्याला पालक म्हणून मान्य केलंय तोही पालक. आणि कलम ५३, संस्थेनं मुलांना काय काय द्यायचं त्याची यादी, त्यात जेवण, कपडे, शिक्षणाबरोबर खेळ सरळ लिहिलेला आहे. दोन्ही पानांची झेरॉक्स लावून अधीक्षिका मॅडमनी अर्ज केला, स्पर्धेचं ठिकाण, तारीख, जायची-यायची वेळ, सोबत कोण, सगळं घालून, आणि मागणी एकच की या स्पर्धेपुरती पालक म्हणून अधीक्षिकेनं सही करावी असा लेखी आदेश द्या. समितीतल्या एका मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, यात अडचण काय आहे? त्याच बैठकीत आदेश. टेबलावरच्या माणसानं तो दोनदा वाचला आणि शिक्का मारला. रिक्षात मी रडले, सांगायला लाज नाही.

म्हणून सांगते, तोंडी परवानगीच्या मागं लागू नका, लेखी आदेशच मागा, आणि विनवण्या करू नका, पोरींचा तो हक्क आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्याच. जून-जुलैलाच हे उरकलं तर फॉर्मच्या वेळी पळापळ होत नाही. हां, जन्मदाखला. नगरपालिकेचाच पाहिजे म्हणून तिथंही अडवलं होतं, पण समितीसमोर वय ठरवताना कलम ९४ प्रमाणे शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी धरतात, आम्ही तोच लावला आणि तो चालला.

फोटोचं राहिलंच. पोरी जिंकल्या की पेपरवाले येतात, कौतुकानंच येतात, पण कलम ७४ मुळं अशा मुलांचं नाव, फोटो, शाळा काहीच छापता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. स्टेटसलाही टाकू नका. आमची टीम जिल्ह्याला सेमीफायनलपर्यंत गेली, मैदानावरचा एकही फोटो माझ्याकडं नाही आणि तेच बरोबर आहे.

आणि स्पर्धेचं सर्टिफिकेट. मुलगी कधीही घरी परत जाऊ शकते, दुसऱ्या संस्थेत बदली होऊ शकते, अठरा झाली की बाहेर पडते. पुढं दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण, सगळीकडं खेळाचे कागदच विचारतात. मोठ्या पातळीचे लागतात हे खरं, पण सुरुवात याच कागदापासून होते. संस्थेच्या फाईलला झेरॉक्स लावा, ओरिजिनल लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला आणि मुलगी निघताना तिच्याच हातात द्या, अधीक्षिकेची सही घेऊन.