नेव्स्कीची धोक्याची बाजू आणि २८ नंबरची बिल्डिंग

सेंट पीटर्सबर्गला गेलेला प्रत्येक माणूस नेव्स्की रस्त्यावरच्या २८ नंबरच्या बिल्डिंगचा फोटो काढतोच. कोपऱ्यावर बुरूज, त्याच्या टोकाला काचेचा मोठा गोल, समोर कझान कॅथेड्रल. ही बिल्डिंग बांधली सिंगर कंपनीनं, हो तीच शिवणयंत्रवाली, १९०२ ते १९०४ मध्ये. कंपनीला अमेरिकेसारखी उंचच उंच इमारत हवी होती पण झारच्या हिवाळी महालापेक्षा उंच बांधायची परवानगी नव्हती, मग पावेल स्यूझोर या आर्किटेक्टनं सहा मजल्यांवर हा बुरूज चढवून उंचीची हौस भागवली. आतला सांगाडा लोखंडी, भिंतींवर भार कमी, म्हणून खिडक्या एवढ्या प्रचंड. क्रांतीनंतर १९१९ पासून इथे ‘दोम क्नीगी’ म्हणजे पुस्तकांचं घर हे दुकान आहे आणि ते आजही चालू आहे.

माझं ऐकाल तर थेट तिथे जाऊ नका, आधी १४ नंबरला जा. तिथे एका शाळेच्या भिंतीवर निळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, नागरिकांनो, तोफांचा मारा सुरू असताना रस्त्याची ही बाजू सर्वात धोकादायक आहे. खाली फुलं ठेवलेली असतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं या शहराला, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडला, वेढा घातला होता. जर्मन तोफा शहराच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला होत्या, त्यामुळे गोळे यायचे ते नेव्स्कीच्या उत्तरेकडच्या बाजूवर, म्हणजे सम नंबरांच्या बाजूवर. आता त्याच फुटपाथनं चालत जा, मोइका नदीचा पूल ओलांडा आणि दहाएक मिनिटांत २८ नंबर येतो. तीच बाजू. आणि त्या एवढ्या मोठ्या काचा!

मला हे तिथे उभं राहिल्यावरच खरं कळलं. वेढा ८ सप्टेंबर १९४१ ला सुरू झाला आणि २७ जानेवारी १९४४ ला उठला, ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात वीज नाही, ट्राम बंद, नळाला पाणी नाही, आणि २० नोव्हेंबरपासून महिन्याहून जास्त काळ नोकरदारांना, मुलांना, म्हाताऱ्यांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम ब्रेड, त्यातही लाकडाचा लगदा आणि सरकीची पेंड घातलेली. पेंड, जी आपल्याकडे गुरांना घालतात. लाखो माणसं भुकेनं गेली. आणि असल्या शहरात हे दुकान उघडं राहत होतं हो, लोक पुस्तकं घ्यायला येत होते! शेजारी बॉम्ब पडून काचा गेल्या, हीटिंग बंद पडलं, तेही या बिल्डिंगनं सोसलं. घरोघरी शेकोटीत पुस्तकं जळत होती हे खरंच आहे, थंडीच तशी होती, पण त्याच घरांत लोक टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ वाचत होते हेही तितकंच खरं. त्यातला सेनापती कुतुझोव्ह दुकानाच्या अगदी समोर उभा आहे, कॅथेड्रलपुढे. शहरातले बरेच पुतळे वाळू आणि फळ्यांनी झाकले होते किंवा पुरून ठेवले होते, याचा मात्र मुद्दाम उघडा ठेवला, आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना दिसावा म्हणून.

याच बिल्डिंगमध्ये वर लहान मुलांच्या पुस्तकांचं संपादकीय ऑफिस होतं. सामुइल मार्शाक संपादक, व्लादिमिर लेबेदेव चित्रांचं बघायचे. आपल्यापैकी कितीतरी जण मराठीत आलेली ती स्वस्त, सुंदर चित्रांची रशियन पुस्तकं वाचून मोठे झाले, त्या चित्रांच्या परंपरेचं एक मूळ इथे आहे हे कळल्यावर मी तिथेच थबकले. पण १९३७ मध्ये स्टालिनच्या राज्यात अटका झाल्या आणि ते ऑफिस मोडलं. तिथे लिहिणाऱ्यांपैकी दानिईल खार्म्सला ऑगस्ट १९४१ मध्ये सोव्हिएत पोलिसांनीच पकडलं आणि वेढ्याच्या पहिल्याच हिवाळ्यात, २ फेब्रुवारी १९४२ ला, तुरुंगाच्या इस्पितळात तो मेला. त्याच्या घराच्या इमारतीला बॉम्बचा तडाखा बसला होता. याकोव्ह द्रुस्किन नावाचा मित्र, स्वतः उपासमारीनं खंगलेला, खार्म्सच्या बायकोबरोबर तिथे गेला, सगळी हस्तलिखितं एका सुटकेसमध्ये भरली आणि छोट्या घसरगाडीवरून शहराच्या दुसऱ्या टोकाला ओढत घरी नेली. मग वर्षानुवर्षं जपली. ती सुटकेस नसती तर खार्म्सचं मोठ्यांसाठीचं बहुतेक लेखन आज उरलंच नसतं.

मुलांच्या विभागात आज खार्म्स आरामात मिळतो. मला रशियन वाचता येत नाही तरी मी एक चित्रांचं पुस्तक घेतलं, भाचीसाठी. वरच्या मजल्यावर कॅफे आहे, गर्दी असते, पण खिडकीजवळचं टेबल मिळेपर्यंत थांबाच, तिथून कुतुझोव्ह सरळ समोर दिसतो. आणि हातात अजून अर्धा दिवस असेल तर सोल्यानॉय गल्लीतलं वेढ्याचं म्युझियम सोडू नका, ते १९४९ मध्ये स्टालिनच्या राज्यात बंद पाडलं होतं आणि १९८९ मध्ये परत उघडलं.