कुठली वाटी?

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत ताकारी मागे पडलं की किर्लोस्करवाडीच्या लोकांनी दारात येऊन उभं राहायचं. गाडी थांबते जेमतेम. जानेवारीतली सकाळ होती. स्टेशनाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, प्रत्येकावर वेगळं गाणं, आणि सगळी गाणी एकाच वेळी चालू.

"कुठं जायचं, पाव्हणं?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"कुंडल."

"कारखान्यावर?"

"नाही."

"मग डोंगरावर, देवळाला?" कुंडलच्या डोंगरावर जैनांचं तीर्थक्षेत्र आहे, तिथे बाहेरगावची माणसं बरीच येतात. मी पुन्हा नाही म्हणालो. म्हटलं, कमलाबाई ओगले म्हणून होत्या, 'रुचिरा' हे स्वयंपाकाचं पुस्तक लिहिणाऱ्या. त्यांचा जन्म कुंडलचा. म्हणून गाव बघायचंय.

"कुठल्या गल्लीतल्या?"

इथे माझी तयारी संपली.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका सिनेमामुळे. दोन महिन्यांपूर्वी घरी बसून 'ज्युली अँड ज्युलिया' पाहिला. २००९चा आहे, मी फार उशिरा पाहिला. न्यूयॉर्कमध्ये कंटाळवाणी नोकरी करणारी ज्युली पॉवेल ठरवते, की ज्युलिया चाइल्डच्या फ्रेंच स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या सगळ्या, म्हणजे ५२४ पाककृती ३६५ दिवसांत करायच्या. दुसरीकडे ज्युलियाची स्वतःची गोष्ट चालू असते. नवऱ्याच्या नोकरीपायी पॅरिसला आलेली ही सहा फूट दोन इंच उंचीची बाई, सदतिशीत स्वयंपाकाच्या शाळेत नाव घालते. मेरिल स्ट्रीपनं ती अशी उभी केलीय की पडद्यावरचं लोणी आपल्याच कढईत विरघळतंय असं वाटतं. सिनेमा आला आणि ज्युलियाचं १९६१ सालचं जाडजूड पुस्तक अठ्ठेचाळीस वर्षांनी अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. ते बघायला ज्युलिया नव्हती. ती २००४मध्येच गेली.

सिनेमा संपल्यावर मी फ्रेंच काही केलं नाही. आईची 'रुचिरा' काढली. मुखपृष्ठ कधीच गेलेलं, पानांना हळदीचे डाग. ज्युलियाचा जन्म १९१२चा आणि कमलाबाईंचा १९१३चा हे तेव्हा लक्षात आलं आणि मग चैन पडेना. एकीचं पहिलं पुस्तक एकोणपन्नासाव्या वर्षी, दुसरीचं १९७०मध्ये, म्हणजे सत्तावन्नच्या आसपास. एक पॅरिसच्या नामांकित शाळेत शिकलेली; दुसरीची शाळा चौथीपर्यंतची, स्वयंपाक शिकवला सांगलीच्या सासूबाईंनी. आपल्याकडे 'गुलाबजाम' आला होता २०१८मध्ये. लंडनची नोकरी सोडून मराठी स्वयंपाक शिकायला पुण्यात आलेला मुलगा आणि त्याला शिकवणारी, डबे देणारी राधा. तो बघून माझ्या दोन मित्रांनी पुरण शिजवायला घेतलं होतं, त्यातल्या एकाचं जमलंही. (दिग्दर्शकाचं आडनाव कुंडलकर, हा निव्वळ योगायोग, पण रिक्षात बसल्यावर आठवलाच.) कमलाबाईंवर मात्र मी तरी सिनेमा पाहिलेला नाही.

रिक्षावाल्यानं तोवर फोन लावला होता. बायकोला. "अगं, रुचिरा म्हणून पुस्तक... हां... हां." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला, आता जरा आदरानं. "तिच्याकडं हाय म्हणती. आईनं दिलेलं. पण बाई हितल्या, हे तिलाबी ठावं न्हवतं."

कुंडल गाव म्हणून चांगलं ऐसपैस आहे. पूर्वी औंध संस्थानातलं. बेचाळीसनंतरच्या प्रतिसरकारचा इतिहास इथे चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतो, न विचारता. बाजारात चौघांना विचारलं. तिघांना नाव माहीत नव्हतं. चौथ्या आजोबांनी मला सहकारातल्या कुठल्या तरी भलत्याच ओगल्यांची सविस्तर माहिती दिली. घर काही सापडलं नाही. एक गोष्ट मात्र त्या उन्हात उभं राहिल्यावर डोक्यात बसली. याच कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना आणि वसाहत उभी केली, औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या जागेत. तिथूनच पुढे 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' ही मासिकं निघाली. आणि साठ वर्षांनी कुंडलच्या लेकीचं पुस्तक छापलं ते किर्लोस्कर प्रकाशनानंच. नांगर आणि थालीपीठ, दोन्ही एकाच माळाच्या आसपासचे.

दुपारी सांगलीला मावशीकडे. वाटेत मंडईतून कृष्णाकाठची वांगी घेतली होती. पुण्यात ती 'कृष्णाकाठची' म्हणून विकली जातात, पण चव इथलीच. आल्या आल्या पुस्तक उघडून मी भरली वांगी करायचं जाहीर केलं. मावशीनं मांडणीवरून तीन वाट्या काढून ओट्यावर ठेवल्या. एक आमटीची, एक तुपाची, एक तिच्या सासूबाईंची पितळी.

"वाटीभर दाण्याचं कूट म्हणतोयस. कुठली वाटी?"

मला वाटलं, झालं! सापडला दोष. अमेरिकेत कप म्हटला की ठरलेल्या मापाचा कप. आपल्याकडे घरागणिक वाटी निराळी.

"अरे, कुठलीही घे. पण जी घेशील तीच शेवटपर्यंत धर. पीठ हिनं, पाणी तिनं, असं केलंस की बोंबल. आमच्या वेळी नवी नवरी परगावी बिऱ्हाड करायची तेव्हा तिच्याकडे तराजू असायचा का? वाटी-चमचा तर असायचाच. म्हणून तर हे पुस्तक रुखवतात द्यायचे."

मी ज्युलियाची गोष्ट सांगितली. टीव्हीवर बटाट्याचं धिरडं उलटताना निम्मं शेगडीवर पडलं. तिनं ते गोळा करून पुन्हा तव्यात घातलं आणि सांगितलं की स्वयंपाकघरात एकटे असाल तर बघतंय कोण. मावशी एवढी हसली की तिला बसावं लागलं. "बाई आपल्यातलीच आहे."

मसाला मी कालवला. वाटी शेवटपर्यंत पितळीच धरली, त्यात चूक नाही. चमच्याचं मात्र भान राहिलं नाही. मीठ घेताना हाताला आला तो आमटीचा मोठा. वांगी शिजल्यावर मावशीनं रस चाखला, काही बोलली नाही, दोन बटाटे सोलून मोठ्या फोडी केल्या आणि पातेल्यात सोडल्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत डबा उघडला. त्यात वांगं एकच होतं. बाकी सगळे बटाटे, आणि बरोबर तीन भाकरी.