ब्लॅक आला की ड्रॅगनच

जेवणं उरकल्यावर बुद्धिबळाचा एक रॅपिड (कमी वेळाचा) गेम टाकला, ब्लॅक आला, म्हणजे काळी मोहरी. समोरच्याने ई४ केलं (म्हणजे प्यादं ई४ या घरात ढकललं) की माझा हात आपसूक सी५ वर जातो, मग डी६, घोडा एफ६, जी६, उंट जी७... झाला सिसिलियन ड्रॅगन, म्हणजे ब्लॅकने उलट अंगावर जायची ओपनिंग, डावाची सुरुवात. सोसायटीतले काका सांगतात, ब्लॅक असला की आधी राजा सांभाळ रे, कॅरो-कानसारखी भक्कम ओपनिंग खेळ. असेलही बरोबर, पण मला ते अंग चोरून बसणं जमत नाही.

आज बऱ्याच दिवसांनी पूर्ण युगोस्लाव्ह अटॅक, म्हणजे ड्रॅगनवरचा व्हाइटचा थेट हल्ला, मिळाला, नाहीतर निम्मे लोक दुसऱ्याच चालीला सी३ नाहीतर तिसऱ्याला उंट बी५ शह करून आपल्या सगळ्या तयारीवर पाणी ओततात (यांना डी४ खेळायला काय होतं कळत नाही). यात व्हाइट वजिराच्या बाजूला कॅसल करतो (राजा-हत्ती एकाच चालीत हलवून राजा आडोशाला नेतो), आपण राजाच्या, आणि मग नुसती पळापळ. तो एच प्यादं ढकलत येतो, उंट एच६ ला आणून माझा जी७ चा उंट उडवायला बघतो, तो गेला की माझा राजा उघडाच. माझं सगळं सी फाइलवर, म्हणजे सी च्या उभ्या रांगेवर. घोडा सी४ ला गेला, त्याने उंटाने मारला, मी हत्तीने घेतला आणि मग तोच हत्ती सरळ सी३ च्या घोड्यावर घातला! बी२ च्या प्याद्याने मारावंच लागलं आणि त्याच्या राजापुढचं कुंपण मोडलं. पुढे दोघांचेही राजे उघडे, शेवटी मी शहावर शह देत ड्रॉ काढला. इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) म्हणे व्हाइट बरा होता. असू दे, घड्याळात दोन मिनिटं उरल्यावर ते बरेपण खेळून दाखवायला माणूस लागतो.

१९९५ ची कास्पारोव्ह-आनंद मॅच आठवली, न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये झालेली. पहिले आठ ड्रॉ, नववा आनंदने जिंकला, दहावा कास्पारोव्हने, आणि अकराव्यात ब्लॅकने त्याने ड्रॅगन काढला, जिंकला, तेराव्यात परत तेच. आपला आनंद हरला म्हणून ते गेम बघताना जीव तुटतो, पण मी पटावर नजर मात्र काळ्याच्या बाजूने लावून बसतो, काय करणार.

आता एच४ ला एच५ ने अडवायची ती सोल्टिसची लाइन नीट बघायचीये, उद्या ऑफिस लवकर आहे, तरी अर्धा तास बघतोच.