बंद चिरेखाणीवर माती परत घालताना: माझा अनुभव

दक्षिण रत्नागिरीतील आमच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची जमीन वडिलांनी चिरेखाणीसाठी, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढण्यासाठी दिली, तेव्हा त्यांनी एक अट हट्टाने घातली होती. कातळावरची माती आधी खरवडून बाजूला ठेवायची आणि खाणीच्या चुऱ्यात ती मिसळू द्यायची नाही. सड्यावर माती असते जेमतेम वीतभर, तीही खोलगट जागी साठलेली. ती एकदा गेली की आपल्या हयातीत पुन्हा तयार होत नाही. चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाच्या उघड्या खाणींत वरची माती वेगळी साठवून भरावावर परत पसरायची असते, तेच आम्हाला चिऱ्याच्या खाणीत करायचे होते.

खाण बंद झाली, यंत्रे गेली, मोजणीही झाली. घोडे अडले ते मातीपाशी. माती रचली होती शेजारच्या गटात. तो गटही आमचाच, सातबाराही आमच्याच नावाचा. तरीही फेब्रुवारीत दिलेल्या अर्जावर संबंधित कार्यालयातून शेरा आला की, एका गटातील माती दुसऱ्या गटात नेणे म्हणजे गौण खनिजाची वाहतूक असून तिला परवाना आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) दोन्ही लागेल. मी नकाशा जोडला, तर खाण सुरू होण्यापूर्वीचा नकाशा मागितला. तो शोधून नेला, तेव्हा फाईल दुसऱ्या टेबलावर गेली होती आणि त्या टेबलाचे साहेब रजेवर होते. एप्रिलअखेरपर्यंत माझ्या ५ फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत मी म्हणालो, “साहेब, माती त्याच कातळावरची आहे, विकायची नाही, रस्त्यावरून न्यायचीही नाही.” त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तसं लिहून कोण देणार?” ते वाक्य आठवले की आजही मला संताप येतो, कारण नियमाचा अर्थ त्यांनाही कळत होता, सही करायला मात्र कोणीच तयार नव्हते.

माझी घाई उगाच नव्हती. आमच्याकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि कातळाचा उतार थेट वाडीच्या विहिरीकडे जातो. जांभा सच्छिद्र असतो; पावसाचे पाणी त्यातून झिरपत खालच्या शेडीपर्यंत, म्हणजे जांभ्याखालच्या चिकण मातीच्या थरापर्यंत पोचते, तिथे अडते आणि आडवे वाहत झऱ्याला, विहिरीला येऊन मिळते. म्हणजे जांभा हीच आमची टाकी. खाण शेडीपर्यंत खणली की टाकीचा तेवढा भाग गेला आणि उघड्या पडलेल्या शेडीचा गाळ पाण्यात उतरू लागला. खाण चालू असताना काकीने विहिरीचे पाणी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून मला दाखवले होते. सकाळी तळाशी बोटभर पांढरट साका बसला होता. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५. आमच्या विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा पहिला अहवाल त्याच्या कितीतरी पुढे होता. कोळशाच्या खाणीत पायराइट या गंधकयुक्त खनिजामुळे पाणी आम्ल होण्याची भीती असते, तशी जांभ्यात नाही. आमचे दुखणे गाळाचे.

मे महिन्यात वळिवाची पहिली सर आली, तेव्हा मातीच्या ढिगाची एक कड पाणंदीत लाल होऊन वाहताना मी उभा राहून पाहिली. दुसऱ्याच दिवशी तलाठ्यांना जागेवर बोलावून, शेजारच्या दोघांना पंच करून पंचनामा करून घेतला. माती मूळ जागेवरचीच आहे, विक्रीसाठी नाही आणि दोन्ही गटांचा खातेदार एकच आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्या एका कागदावर अखेर २६ मे रोजी परवानगीचे पत्र मिळाले. हा पंचनामा खाण सुरू होण्याआधी, माती खरवडतानाच करून ठेवावा. माझे तीन महिने वाचले असते.

पुढचे काम ८ दिवसांत उरकले. तळाच्या उघड्या शेडीवर आधी चिऱ्याचे तुकडे, त्यावर चुरा आणि सर्वांत वर माती. खड्डा भरायला घरपाडीचा राडारोडा फुकट मिळत होता, पण मी तो नाकारला. त्यातले काय झिरपून विहिरीत जाईल याचा भरवसा नसतो. उताराच्या कडेला वाळा लावला, बांधावर गिरिपुष्पाच्या काठ्या खोचल्या. ढीग ३ वर्षे पडून असला तरी आम्ही तो कमरेपेक्षा उंच होऊ दिला नव्हता आणि दर पावसाळ्यात त्यावर ताग पेरला होता. म्हणूनच फावडे घातले तेव्हा आतली माती ओलसर होती आणि तिच्यात गांडुळे सापडली. मला सर्वांत मोठा आनंद त्याच क्षणी झाला.

आणखी एक सांगायचे राहिले. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. पाण्याचा नमुना पावसाळ्यापूर्वी आणि नंतर असा दोनदा तपासावा, आणि तोही त्याच विहिरीतून. यंदा ऑक्टोबरात काकीने पुन्हा बरणी भरून ठेवली होती. सकाळी साका होता, पण नखाएवढाच.