उतारासाठी जुनी सायकल: आमची वाटचाल

आमच्या घराचा सायकलशी संबंध भाड्याच्या सायकलींपासूनचा. पुण्यात वडिलांचं तासावर सायकली देण्याचं दुकान होतं. घरोघरी गाड्या आल्या, भाड्याचा धंदा आटला, तेव्हा त्यांनी दुरुस्ती धरली. चाकाचा आउट काढणं, छर्रे बदलणं, त्यांना धरणारा कोन (आसावरचा निमुळता नट) किती आवळायचा ते बोटांना कळणं, हे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. आज आम्ही फक्त वापरलेल्या माउंटन बाइक घेतो, तपासतो, उघडून साफ करतो आणि विकतो. आमचा सगळ्यात जवळचा ग्राहक म्हणजे डोंगरउतारावर पहिल्यांदाच सायकल घालणारा मुलगा किंवा मुलगी.

हा धंदा उभा राहायला कारण ठरलं २०२०. लॉकडाऊनमध्ये सायकलींना एकदम मागणी आली, दुकानांत माल मिळेना. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत त्यातल्या बऱ्याच सायकली सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडल्या. दुसरीकडे सिंहगडाच्या रस्त्याला कंटाळलेली, कच्च्या वाटेनं खाली उतरायला बघणारी पोरं आमच्याकडे येऊ लागली. त्यांच्याकडे पैसे बेताचे, आणि आयात होणाऱ्या चांगल्या सायकलींच्या नव्या किमती हाताबाहेरच्या. या दोघांची गाठ घालून देणं हेच आमचं काम झालं.

पार्किंगमधल्या सायकलींबद्दल एक गोष्ट आम्ही प्रत्येकाला सांगतो. ‘फारशी चालवलेली नाही’ याचा अर्थ ‘चांगली आहे’ असा होत नाही. दोन पावसाळे उभी राहिलेली सायकल आठवड्याला फिरणाऱ्या सायकलीपेक्षा जास्त खर्च काढते. फोर्कची सीलं कोरडी पडतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात, हँडल ज्यावर फिरतं त्या हेडसेटच्या बेअरिंगला गंज चढतो, ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट सुकून त्याचे पापुद्रे होतात. मीटर नसलेल्या वाहनाचं वय अशाच जागी वाचावं लागतं.

फोर्क, म्हणजे आमच्या जुन्या भाषेतला पुढचा चिमटा, मी कसा बघतो ते सांगतो. आधी दोन्ही चकचकीत नळ्या फडक्यानं पुसतो आणि नख वरून खाली हळूहळू फिरवतो. रेघ नुसती डोळ्याला दिसली तर चालतं. नख अडकलं, तर त्या जागेतून प्रत्येक दाबाबरोबर तेल बाहेर येणार आणि धूळ आत जाणार, आणि नळ्या बदलायच्या म्हटलं की खर्च अर्ध्या सायकलीइतका होऊ शकतो. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवतो, दुसऱ्या हाताची दोन बोटं हेडसेटच्या फटीवर. टकटक तिथं जाणवली तर आवळून भागतं. तीच टकटक फोर्कच्या नळ्या आणि त्या ज्यात सरकतात ते खालचे पाय यांच्या मध्ये जाणवली तर आतलं अस्तर, म्हणजे बुशिंग, गेलेलं असतं, आणि ती सायकल मी घेत नाही. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी आपल्या फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस साधारण ५० तासांनी करायला सांगते. विकणाऱ्याला ‘शेवटची सर्व्हिस कधी?’ असं विचारलं की तो क्षणभर कसा थांबतो, त्यावरून मला अर्धी किंमत कळते.

फ्रेमवर मी सगळ्यात कडक आहे. हँडलखालच्या हेडट्यूबच्या मागची वेल्डिंग, पॅडलचा आस बसतो त्या बॉटम ब्रॅकेटभोवतीची जागा, सीटपोस्ट आत जातो ते टोक, मागच्या चाकाजवळचे सांधे, हे सगळं उजेडाखाली तपासतो. ॲल्युमिनियमची चीर आधी रंगावरच्या केसासारख्या रेघेनं दिसते. अशी फ्रेम वेल्डिंग करून रंगवून विकणारे आहेत. आम्ही ती भंगारात देतो, मग त्यावरचे भाग कितीही चांगले असोत. घाटातल्या उतारावर फ्रेम तुटली तर कोवळ्या पोराचा जबडा जातो. बॉटम ब्रॅकेटखालचा क्रमांक आणि मूळ बिल जुळल्याशिवाय आम्ही सायकल घेत नाही, कारण चोरीचा माल या बाजारात फिरतो.

एकदा एक वडील आणि त्यांचा अकरावीतला मुलगा आला. मोबाइलवर फोटो: मागेपुढे स्प्रिंग असलेली झगझगीत सायकल, नवी कोरी, आमच्याकडच्या जुन्या हार्डटेलच्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीच्या, किमतीला.

“अहो, त्यात दोन सस्पेन्शन आहेत आणि तुमच्यात एकच,” वडील म्हणाले.

“काका, मला उड्या मारायच्यात,” मुलगा म्हणाला.

मी त्यांना सायकलींच्या वापराचे वर्ग समजावले. अनेक मोठे निर्माते १ ते ५ असे वर्ग पाळतात. तिसऱ्या वर्गाच्या सायकलीनं साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतची उडी मारावी, चौथ्यानं १२० पर्यंत, आणि खरं डाउनहिल, म्हणजे अवघड उतारावरून भरधाव उतरणं, हा पाचवा वर्ग. स्वस्तातली दोन स्प्रिंगांची सायकल दिसते पाचव्यासारखी, पण तिची स्प्रिंग दबल्यावर तितक्याच जोरात परत उसळते, कारण तो जोर जिरवायला आत तेलाचा डँपर नसतो. घसाऱ्यावर मागचं चाक उसळलं की नवशिका हँडलवरून पुढे जातो. मग मुलाला मी आमच्या हार्डटेलवर बसवून फरशीवर पुढचा फोर्क दाबायला लावला. फोर्क हळू, तोलून वर आला. फरक त्याला स्वतःलाच कळला. घेऊन गेले हार्डटेलच.

माझं ठाम मत असं: सह्याद्रीत सुरुवात करणाऱ्यानं १२० ते १४० मिमी प्रवासाचा (म्हणजे तितका दबणारा) चांगला फोर्क असलेली, बळकट फ्रेमची हार्डटेल घ्यावी. २०० मिमीची, दुहेरी क्राउनची (फोर्क वर दोन जागी धरलेली) शर्यतीची डाउनहिल सायकल जुन्या बाजारात कधीकधी भुरळ घालणाऱ्या किमतीत मिळते, पण ती चढावर ढकलावी लागते, आणि आपल्याकडे वर नेणारी लिफ्ट नाही. शिवाय मागच्या सस्पेन्शनचे जितके सांधे, तितका मुरूम आणि चिखल आत. जुन्या २६ इंची चाकांच्या सायकलीही जपून घ्याव्यात. त्यांच्यासाठी चांगले फोर्क आणि टायर शोधताना दमछाक होते. मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी १३५ आहे की १४८ मिमी, हे आधी मोजा, नाहीतर उद्या चाक मिळत नाही.

ब्रेकबाबत आमच्याकडे जाडी मोजायचा व्हर्नियर कायम टेबलावर असतो. शिमानो कंपनीची नवी डिस्क १.८ मिमी जाड असते आणि १.५ ला ती बाद. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल, स्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. कुणी एकात दुसरं ओतलेलं असलं की आतली सीलं फुगतात आणि ब्रेक उतारावरच दगा देतो. म्हणून जुन्या सायकलीचं तेल आम्ही नेहमी बदलूनच देतो.

जुनी सायकल म्हणजे दुय्यम, असं वाटणाऱ्यांना मी कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळची गोष्ट सांगतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथल्या एका डोंगररस्त्यावर पोरांनी उताराची पहिली शर्यत लावली, ती जुनाट, भरभक्कम सायकलींवर. पॅडल उलटं मारून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं, आणि खाली उतरलं की ते नव्यानं भरावं लागायचं. या खेळाच्या मुळाशीच वापरलेली सायकल आणि ग्रीसचा डबा आहे.

धंद्याचं गणित साधं ठेवलं आहे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला, खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेतलं नसेल तर, जीएसटी खरेदी-विक्रीच्या फरकाच्या रकमेवरच भरता येतो. त्यामुळे किंमत फुगवावी लागत नाही. प्रत्येक सायकलीबरोबर तपासणीचा कागद देतो. काय बदललं, काय जुनंच ठेवलं आणि पुढच्या पावसाळ्यात काय जाईल, तेही त्यावर असतं. वर्षभरात परत आणली तर बदल्यात घेतो. चालवून बघायला मुळशीकडे ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर नेतो, म्हणजे टेकडीवर फिरायला येणाऱ्यांना त्रास होत नाही.

हेल्मेट मात्र आम्ही जुनं घेत नाही आणि विकतही नाही. आतला फोम एकदा दबला की दुसऱ्या वेळी वाचवत नाही, आणि तो दबलाय हे बाहेरून दिसत नाही. डाउनहिलसाठी हनुवटीही झाकणारं फुलफेस हेल्मेट नवंच घ्यावं लागतं. सायकलीचं बजेट ठरवताना त्याची किंमत आधी बाजूला काढून ठेवा, आणि उरलेल्या पैशांत काय बसतं ते बघायला आमच्याकडे या.