आमची वाटचाल : पेंड, तेल आणि अडकलेले रुपये

लातूरच्या मार्केट यार्डात अण्णांची सोयाबीनची आडत. मी 2009 साली त्यातूनच पेंड निर्यातीची छोटी फर्म काढली. पहिली दोन-तीन वर्षं नुसती धडपड.

मग 2012 उजाडलं. अणुकार्यक्रमावरून अमेरिका-युरोपने इराणची नाकेबंदी केली, मार्चमध्ये स्विफ्टने, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या संदेश यंत्रणेने, तिथल्या बँका तोडल्या. आपल्याला तेल तर हवंच होतं. तोडगा निघाला : तेलाचे 45 टक्के पैसे रुपयांत, आपल्या सरकारी युको बँकेत इराणच्या खात्यात जमा. ते रुपये खर्चायचे तर इराणने इथलाच माल घ्यायचा. तांदूळ, चहा, औषधं आणि आमची पेंड. लोक निर्बंधांना शिव्या घालतात, पण खरं सांगतो, आमचं बस्तान त्यांच्यावरच बसलं. डॉलरच्या चढउताराची धास्ती नाही. 50 किलोची पोती न्हावाशेवाहून इराणच्या बंदर अब्बासला, की पैसे खात्यात.

जानेवारी 2016 मध्ये इराणशी झालेल्या अणुकरारामुळे निर्बंध उठले आणि मी यार्डात पेढे वाटले. शुद्ध येडेपणा! हात मोकळे झाल्यावर गिऱ्हाईक ब्राझील-अर्जेंटिनाचे भाव विचारू लागलं. इकडे आदल्या खरिपात सोयाबीन करपलेलं. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणीच मिरजेहून रेल्वेने येत होतं.

2018 च्या मे महिन्यात ट्रम्प त्या अणुकरारातून बाहेर पडले, नोव्हेंबरपासून तेलावर पुन्हा निर्बंध. भारताला सहा महिन्यांची सूट होती, तेवढ्यात आमचा धंदा परत उठला. 2 मे 2019 ला सूट संपली. तेल बंद, म्हणजे इराणच्या युको खात्यात नवे रुपये पडणं बंद. खाण्याच्या मालावर बंदी नव्हती, पण ही मोकळीक कागदावरच. 2020 मध्ये माझे सहा कंटेनर उतरले, पेंड कोंबड्यांनी खाऊनही टाकली असेल, पैशांचा पत्ता नाही. एका बँकेतल्या साहेबांनी माझ्या बिलावरच्या ‘इराण’ शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. म्हणाले, “माल चाऱ्याचा आहे हे मला कळतंय हो. पण आमची अमेरिकेत शाखा आहे.” पैसे आठ महिन्यांनी आले, तेही तुकड्यातुकड्यांनी. नफा सगळा सीसीच्या, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या, व्याजात गेला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त वही मिटली.

आता माल तमिळनाडूतल्या नामक्कलच्या पोल्ट्रीवाल्यांना जातो. तीस दिवसांची उधारी, मिळते पंचेचाळिसाव्या दिवशी, चालायचंच. तेहरानचं जुनं गिऱ्हाईक नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, अजून मेसेज टाकतं, शेवटी हळूच पेंडीचा भाव विचारतं. मी त्या दिवशीचा भाव कळवतो.