सीसीचा गोतावळा

इंग्रजीतल्या सी या अक्षराचं स्वतःचं असं फार काही नाही. आवाज कधी क-चा, कधी स-चा, दोन्ही उसने. तरी शब्दकोशात त्याचा भाग चांगला जाडजूड असतो, कारण लॅटिन-फ्रेंचमधून आलेली को-, कॉम-, कॉन- ही उपसर्गांची सगळी पलटण त्याच्याच दारात उभी. त्यामुळे लघुरूपं करायला बसलं की दोन सी शेजारीशेजारी येतातच. ‘गाडी किती सीसीची?’, ‘मला सीसीत ठेवा’ आणि ‘सीसी चालू कर, नीट ऐकू येत नाहीये’ या तीन वाक्यांतले सहा सी सहा निरनिराळ्या शब्दांचे आहेत.

गाडीचं सीसी म्हणजे क्युबिक सेंटिमीटर. पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो, ती सिलिंडरची सीसी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी असेल तर बोअरचं निम्मं, म्हणजे २.५ सेंमी, घ्यायचं. त्याचा वर्ग ६.२५, त्याला ३.१४१६ ने आणि मग ४.९५ ने गुणायचं. उत्तर ९७.२. अशी गाडी सर्रास ‘शंभर सीसी’ म्हणून ओळखली जाते. निम्मं करायला विसरलं की उत्तर चौपट येतं, मिलिमीटरचे सेंटिमीटर करायचे राहिले तर हजारपट. या आकड्यात पिस्टनच्या डोक्यावरची, ठिणगी पडते ती जागा धरलेली नसते. ती मोजायची तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उलटं ठेवतात, व्हॉल्व्ह बंद, प्लग घट्ट. कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली पारदर्शक पट्टी बसवतात आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, पातळ तेल सोडतात. हेड किंचित तिरकं ठेवावं, भोक उंच बाजूला यावं. नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि मोजमाप कमी भरतं. इंग्रजी बोलणाऱ्या मेकॅनिकांनी या कामाचं क्रियापदच केलंय: ते हेड ‘सीसी’ करतात.

औषधाच्या जगात मात्र हेच सीसी नकोसं झालेलं आहे, आणि ते योग्यच आहे. १ सीसी म्हणजे १ मिली, हे आपण डोळे झाकून म्हणतो. (१९०१ ते १९६४ या काळात तेही तंतोतंत खरं नव्हतं. लिटरची व्याख्या तेव्हा १ किलो पाण्याच्या आकारमानावर बांधलेली होती, आणि तो लिटर १००० सीसीहून २८ दशलक्षांशांनी मोठा भरत होता.) अडचण या फरकाची नाही, हस्ताक्षराची आहे. घाईत लिहिलेले दोन सी यू-सारखे दिसतात, आणि यू म्हणजे युनिट. उलटंही होतं: चारच्या पुढचा यू कुणी सीसी वाचतो. यू-१०० इन्सुलिनच्या १ मिलीत १०० युनिट असतात. म्हणजे ४ युनिटांच्या जागी ४ सीसी भरले गेले तर ४०० युनिट, थेट शंभरपट. म्हणून अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेच्या घातक लघुरूपांच्या यादीत सीसी आहे; मिली लिहा आणि युनिट हा शब्द पूर्ण लिहा, असं ती सांगते. एसआय एककांच्या अधिकृत पुस्तिकेतही सीसीला मज्जाव आहे.

ईमेलमधलं सीसी म्हणजे कार्बन कॉपी. हल्ली काही जण त्याचं ‘कर्टसी कॉपी’ करतात. कार्बनचा कागद हाताळलाच नसेल तर असं सभ्य रूप सुचणं साहजिक आहे, पण मूळ कागद काळाच. राल्फ वेजवुड या इंग्रजाने १८०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते दृष्टिहीनांना लिहिता यावं अशा एका साधनासाठी. शाई लावलेला कागद मधे, वर पातळ कागद, खाली चांगला. लिहायचं धातूच्या टोकाने. खालची प्रत धाडायची, वरची आपल्याकडे ठेवायची. कार्बनला खरी बरकत आली ती टाइपरायटरमुळे. टाक किंवा बोरूने जोर देता येत नाही, टाइपरायटरच्या खिळ्याने येतो.

जुडी लावताना वर कोरा कागद, त्याखाली कार्बन, चकचकीत बाजू खाली करून, मग स्थळप्रतीचा पातळ कागद. तीन प्रती हव्या असतील तर हीच जोडी पुन्हा पुन्हा. कार्बन उलटा गेला तर खालची प्रत कोरी आणि वरच्या कागदाच्या पाठीवर सगळं पत्र आरशात पाहिल्यासारखं. चूक झाली की खरं काम सुरू होई. मूळ कागदाच्या मागे जाड कार्डाचा तुकडा सरकवायचा, मग खोडरबर. तुकडा नसेल तर घासण्याच्या दाबाने खालच्या प्रतीवर काळा डाग. मग तोच तुकडा पहिल्या प्रतीमागे, तिथे खोडायचं, असं शेवटच्या प्रतीपर्यंत. तुकडा मधेच विसरला तर दुरुस्तीचं अक्षर त्याच्यापुढे जातच नाही, आणि स्थळप्रतीत तेवढी जागा रिकामी राहते. पाच-सहा प्रतींनंतर अक्षरांच्या कडा पसरतात. ई, ओ आणि सी एकमेकांची सोंगं घेतात.

खालच्या कोपऱ्यात ‘सीसी’ आणि नावं टाइप करायची म्हणजे पत्र आणखी कुणाकुणाला गेलं ते सगळ्यांना कळतं. कुणाला तरी गुपचूप प्रत द्यायची असेल तर मूळ पत्र यंत्रातून काढून घ्यायचं, किंवा त्या जागेवर चिठ्ठी धरायची, आणि ‘बीसीसी’ची ओळ फक्त प्रतींवर उमटवायची. बी म्हणजे ब्लाइंड. ही युक्ती ईमेलने जशीच्या तशी उचलली. ईमेलचा साचा ठरवणाऱ्या ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजात टू, सीसी, बीसीसी हे तिन्ही रकाने आहेत. पत्र कुणाकुणाला पोचवायचं याची यादी सर्व्हरला वेगळी दिली जाते आणि पत्राच्या माथ्यावर काय छापायचं ते वेगळं. बीसीसीचं नाव पहिल्यात असतं, दुसऱ्यात नसतं. ‘रिप्लाय ऑल’ दाबला की टू आणि सीसीतले सगळे आत येतात, बीसीसीतला येत नाही. पण बीसीसीतल्या माणसानेच ‘रिप्लाय ऑल’ दाबला तर त्याचं उत्तर सगळ्यांना जातं आणि बिंग फुटतं. गुप्तता हवी असेल तर बीसीसीवर विसंबू नये. पाठवलेलं पत्र नंतर वेगळं फॉरवर्ड करावं.

टीव्हीवरचं सीसी म्हणजे क्लोज्ड कॅप्शन. ‘क्लोज्ड’ म्हणजे बघणाऱ्याने उघडेपर्यंत बंद. चित्रातच कोरलेली अक्षरं ती ओपन. अमेरिकेत ही सेवा १६ मार्च १९८० ला सुरू झाली. अक्षरं जायची चित्राच्या वर न दिसणाऱ्या २१ व्या ओळीतून, दर चौकटीमागे दोनच, आणि पडद्यावर एका ओळीत जास्तीत जास्त ३२ मावायची. आधी वेगळा डबा विकत घ्यावा लागे. १ जुलै १९९३ पासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या टीव्हीत तो आतच बसवणं कायद्याने भाग पडलं. नुसतं भाषांतर देणाऱ्या सबटायटलपेक्षा हे काम वेगळं आहे: दार आपटलं, फोन वाजला, पडद्याबाहेरून कोण बोललं, हेही लिहावं लागतं. सीसीटीव्हीतला पहिला सीही क्लोज्डच, पण तिथे बंद आहे ती वायरची वाट. ती बघणाऱ्याला उघडता येत नाही.

२००१ साली आणखी एक सीसी जन्माला आलं, क्रिएटिव्ह कॉमन्स: आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे परवाने काढणारी संस्था. त्याचे परवाने सहा. दुसऱ्याचं चित्र वापरताना शीर्षक, निर्माता, मूळ ठिकाण आणि परवाना या चार गोष्टी लिहाव्या. परवान्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज) असेल तर बदललेलं चित्र पुढे वाटता येत नाही. ‘बाय-एसए’ (श्रेय द्या, पुढेही हाच परवाना लावा) आणि ‘बाय-एनसी-एसए’ (तेच, शिवाय धंद्यासाठी वापरू नका) अशी दोन चित्रं मिसळून तिसरं केलं तर ते कुठल्याच परवान्यात बसत नाही, कारण दोघांचाही हट्ट एकच: पुढचं काम माझ्याच अटींवर. ४.० आवृत्तीत मात्र एक उदारपणा आहे. अट मोडली आणि कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर हक्क परत मिळतो.

बाकीचे सीसी दुरून नमस्काराचे. रोमन आकड्यांत २००. युनिक्सवर सी भाषेचा कंपायलर. इंटरनेटवर कोकोस बेटांचं डोमेन. ढगांच्या नोंदीत सिरोक्युम्युलस, तिथे मात्र दुसरा सी लहान लिपीतला. मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आपसातल्या निरोपांच्या भाषेत, कंट्रोल चेंज. त्यातला ६४ क्रमांक म्हणजे सस्टेन पेडल, आणि त्याचा ‘सोडला’ हा निरोप वाटेत हरवला तर सूर लोंबकळत राहतात.

लघुरूप नसलेलं, शब्दाच्या पोटातलं सीसी राहिलंच. ते बहुतेक लॅटिन उपसर्गाचं कर्तृत्व. अ‍ॅड-, ऑब-, सब- यांच्यापुढे सी आला की उपसर्गाचं शेवटचं व्यंजन स्वतःचा आवाज सोडून सी होतं: अ‍ॅक्सेप्ट, ऑकर, सक्सीड. पुढे ई किंवा आय असेल तर उच्चार क्स, ए, ओ, यू असेल तर नुसता क; अ‍ॅक्सिडेंट आणि अकाउंट ही जोडी लक्षात ठेवली तरी पुरे. इटलीहून आलेला कॅपुचिनो आपला च घेऊनच आला. नियमाला खरा चकवा देतो तो सॉकर. असोसिएशन फुटबॉलमधला ‘सॉक’ काढून विद्यार्थ्यांनी त्याला ‘अर’ जोडला. एकच सी ठेवला असता तर लोक सोसर वाचतील, म्हणून बहुधा दोन घातले, आणि नियमाने पाहिलं तर आता ते सॉक्सर व्हायला हवं. ‘लुळं’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चार फ्लॅक्सिड की फ्लॅसिड, याबद्दल तर कोशांनीही हात टेकलेत. दोन्ही उच्चार छापतात.